गच्चीचा आंतरराष्ट्रीय गौरव

आमच्या शहराला खाद्यसंस्कृतीसाठी आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली, ही बातमी आली तेव्हा मी गच्चीवर छत्री उघडून कावळे हाकत होतो. हे मुद्दाम सांगतोय, कारण मी मेकॅनिकल इंजिनियर आहे. माझा एक प्रकल्प संपला होता आणि दुसरा सुरू व्हायचा होता. या मधल्या काळात मला आईने कामावर घेतलं होतं.

बातमी आली तसा ओमानमधल्या आमच्या अल खौद भागातल्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर अभिनंदनांचा पूर लोटला. सगळे एकमेकांचं अशा थाटात अभिनंदन करत होते, की जणू इथल्या रीतीने वाळूत खड्डा खणून बोकड यांनीच शिजवला. प्रत्यक्षात ग्रुपमधल्या निम्म्या लोकांचा इथल्या खाद्यसंस्कृतीशी संबंध खजुराच्या पुढे गेलेला नाही. माझ्या बाबांचा ओमानी हलव्यापर्यंत गेला आहे, तोही ऑफिसात कुणी पुढे केला तर. "आपल्या शहराचं नाव झालं बघ जगात," असं बाबा मला अगदी भरून येऊन म्हणाले आणि त्यांनी डबा उघडला. डब्यात मेथीची भाजी होती.

आईचं मात्र ओमानशी नातं जुनं आणि घट्ट आहे. जेवणाशी त्याचा संबंध नाही, उन्हाशी आहे. लग्न होऊन इथे आली तेव्हा पहिला महिना ती नुसती रडली म्हणतात. मग मे महिना आला, ती गच्चीवर गेली, पायाला चटका बसला आणि ती तिथेच थांबली. "एवढं ऊन," ती म्हणाली, "आणि वापरतंय कोण?"

तेव्हापासून आई वापरते. पुण्यात कुरडई नीट वाळायला तीन दिवस लागतात. इथे सकाळी घातलेली जेवणाच्या आत कडकडीत. उलटवायला जावं तर ती आपणहून उलटून पडलेली असते. दर मे महिन्यात आमच्या इमारतीची गच्ची आईच्या जुन्या साड्यांनी झाकली जाते आणि साड्यांवर कुरडया, पापड, सांडगे, साबुदाण्याच्या चकल्या असा संसार मांडला जातो. साड्या पोपटी, जांभळ्या, डाळिंबी. आमच्या भागातल्या सगळ्या इमारती पांढऱ्या, त्यामुळे वरून उडणाऱ्या विमानांना आमची गच्ची खूण म्हणून उपयोगी पडत असावी.

विमानांबद्दल माझी तक्रार नाही. घात केला तो समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीने. ती गळते का हे बघायला एक सरकारी निरीक्षक वर चढला, आणि त्याने टाकी सोडून आमच्याकडे बघितलं.

संध्याकाळी घरमालक वर आला. हमूद तळमजल्यावर राहतो, गच्चीवर कधी फिरकत नाही, पस्तिशीचा आहे, हिंदी आमच्या शेजारच्या प्रेमाकाकूंपेक्षा शुद्ध बोलतो. दारात उभा राहून त्याने गच्चीवरून नजर फिरवली. शेताची पाहणी करायला आलेल्या तलाठ्यासारखा.

"यश, ये सारा कपड़ा किसका है?"

"आई का."

"निकालो. खलास. ऑफिस से फोन आया. इधर कपड़ा सुखाना मना है, बाहर से दिखता है. मुखालफा आएगा." मुखालफा म्हणजे दंडाची नोटीस. हा शब्द आखातात आल्यावर माणूस 'पाणी'च्याही आधी शिकतो.

"हमूदभाई, कपड़ा नहीं सूख रहा. कपड़े के ऊपर खाना सूख रहा है."

हमूदने वाकून एक कुरडई बोटाने टोचली. मग म्हणाला, "खाना कपड़े पे कौन सुखाता है?"

"हम लोग."

"गुरुवार तक साफ़ करो. और इन्शाल्ला मत बोलो. मैं तुमको जानता हूँ. हाँ बोलो."

मी हाँ बोललो. खाली येऊन आईला सांगितलं. आई कणीक मळत होती. हात न थांबवता ती म्हणाली, "ठीक आहे. गच्ची नाही तर माझं इथे काय काम? मी पुण्याला जाते."

हे वाक्य तिने शांतपणे म्हटलं, आणि आमच्या घरात शांतपणे म्हटलेली वाक्यंच खरी होतात. बाबांच्या निवृत्तीला अजून दोन वर्षं आहेत. बाबांनी माझ्याकडे बघितलं, मी बाबांकडे. आम्हां दोघांना मिळून एकच पदार्थ येतो, मॅगी. तीसुद्धा दोघांना मिळून. बाबा पाणी मोजतात, मी पाकीट फोडतो.

"विद्या, असं तडकाफडकी..." बाबा म्हणाले.

"तडकाफडकी काय? विमानं रोज असतात."

मग सल्ले सुरू झाले. शेजारच्या प्रेमाकाकू मूळच्या दादरच्या, त्यामुळे त्यांना सल्ला मागावा लागत नाही. त्या म्हणाल्या, "अगं, पांढऱ्या चादरी घाल. इमारत पांढरी, चादर पांढरी, कुरडई पांढरी. कोणाला काही दिसणारच नाही." दिसणार नाही हे खरं, पण मग मलाही दिसणार नाही, आणि मी तुडवीन, असं मी म्हटलं. "तू तसाही तुडवतोस," आई म्हणाली. बाबांनी लेखी विनंतीचा मसुदा सुरू केला आणि 'महोदय' लिहून ते पुढच्या शब्दासाठी खिडकीबाहेर बघत बसले.

कामाचा सल्ला दिला तो जनार्दनकाकांनी. हे मालवणचे, दुक्मला रिफायनरीत फोरमन. तिकडे वाळवंट, समुद्र आणि पुरुष सोडून काही नाही, म्हणून सुट्टी मिळाली की ते आमच्याकडे येतात आणि सोफ्यावर पडून माणसांचे आवाज ऐकतात.

"यश, तू इंजिनियर ना?" काका सोफ्यावरून म्हणाले. "मगे डोक्यान चल. आता ह्या शेराक मान मिळालो जेवणासाठी. तुझ्या आवशीन काय मांडल्यान वर? जेवणच मा? मगे सांग त्यांका, ह्यां मानासाठीच आसा म्हणान."

"काका, ते खोटं होईल."

"खोटां खंय? तू नुसतो सांग. खरां-खोटां ते बघतीत."

दुसऱ्या दिवशी मी, जिथून फोन आला होता त्या कार्यालयात गेलो. कार्यालयाचं नाव घेत नाही, कारण तिथली माणसं सज्जन होती आणि त्यांनी मला पाणी दिलं. काउंटरवरच्या गृहस्थांना मी परिस्थिती इंग्रजीत समजावून सांगितली.

"म्हणजे कपडे आहेत," ते म्हणाले.

"आहेत, पण ते वाळत नाहीत."

"मग काय वाळतंय?"

"अन्न."

"म्हणजे खाद्यपदार्थांचं उत्पादन. कारखान्याचं लायसन?"

"कारखाना नाही. आई आहे."

त्यांनी संगणकात बघितलं. तिथे कपडे होते, बांधकामाचं साहित्य होतं, पाळीव कबुतरं होती. 'आई' असा प्रकार नव्हता. त्यांनी माझ्याकडे सहानुभूतीने बघितलं आणि कपड्यांवर बोट ठेवलं. ते बोट दाबलं जाणार तेवढ्यात माझ्या तोंडून जनार्दनकाका बोलले: "हे शहराच्या मान्यतेसाठी आहे."

बोट थांबलं. गृहस्थ उठले. आतून खुर्ची आली, खुर्चीवर मी आलो, माझ्या हातात कहव्याचा, म्हणजे इथल्या कॉफीचा, छोटा कप आला. दहाएक मिनिटांत मी वरच्या मजल्यावर माझिन नावाच्या एका तरतरीत मुलासमोर बसलो होतो. मान्यता देणाऱ्या संस्थेच्या तज्ज्ञ बाई पुस्तकासाठी परंपरांची नोंद करायला गुरुवारी येणार होत्या आणि त्यांना अल खौदमधलं एखादं राहतं घर दाखवायचं होतं. ठरवलेल्या घरात ऐन वेळी लग्न निघालं होतं.

"घरगुती परंपरा हवी. तुमच्याकडे आहे?"

"गच्चीवर आहे."

"किती वर्षांपासून?"

"माझ्या जन्माआधीपासून."

"घरमालक ओमानी?"

"शंभर टक्के."

माझिनने समाधानाने मान डोलावली. या संभाषणात मी एक शब्दही खोटा बोललो नाही. लोक माझ्या खऱ्या बोलण्याची जी मांडणी करतात, तिला मी जबाबदार नाही.

घरी पोचेपर्यंत हमूदला फोन गेलेला होता. जिना चढताना मी मनातल्या मनात बॅगा भरत होतो. हमूद वर उभा होता आणि माझ्या आईच्या डाळिंबी साडीचा कोपरा नीट करत होता.

"यश, मेरा घर? किताब में?"

"लगता तो है."

"मेरे दादा का नाम भी आएगा?"

"पूछना पड़ेगा."

त्याने साडीवरची वाळू हलकेच फुंकली. "अभी कुछ नहीं निकालने का. और डालो. ये कोना खाली क्यों है?"

खाली कोना दुसऱ्या दिवशी भरला. हमूदच्या आईने भरला. त्यांना सगळे उम्म हमूद म्हणतात, म्हणजे हमूदची आई. आईने पहिल्याच भेटीत त्यांना उम्मताई केलं. परंपरा दाखवायची तर आपलीही दाखवू, असं म्हणून उम्मताई एक टोपली लिंबं आणि एक टोपली तारल्या घेऊन वर आल्या, आणि ती छोटी छोटी चंदेरी मासळी त्यांनी आमच्या पोपटी साडीला खेटून पसरली. आमच्या घरात मासळी आजवर फक्त टीव्हीवर आली होती. आईने पदर नाकाला लावला. उम्मताईंनी ते बघितलं, जवळ आल्या, आईच्या चिकाच्या पातेल्यावर वाकल्या, तीन दिवस भिजून आंबलेल्या गव्हाचा वास घेतला, आणि त्यांनीही ओढणी नाकाला लावली.

दोघी एकमेकींकडे नाकं धरून बघत राहिल्या. मी छत्री मिटली. आता छत्रीचा उपयोग नव्हता, कारण मासळीच्या बातमीने अख्ख्या अल खौदचे कावळे जमले होते.

तेवढ्यात जनार्दनकाका जिन्यातून वर आले आणि दारातच थबकले. "वयनी," ते गहिवरून म्हणाले, "आज कितक्या दिसांनी घराचो वास इलो." ते टोपलीशेजारी मांडी घालून बसले आणि तारल्या उलटवू लागले. दुक्मला ज्यांच्या हाताखाली तीसएक माणसं आहेत ते गृहस्थ उम्मताईंच्या हाताखाली इतक्या मुकाट्याने राबत होते, की उम्मताईंनी टोपल्या पोचवायला आलेल्या हमूदला काहीतरी सुनावलं. "क्या बोली?" मी विचारलं. "बोली, बेटा ऐसा होना चाहिए," हमूद म्हणाला आणि खाली निघून गेला.

आई आणि उम्मताई यांच्यात एकही समाईक भाषा नव्हती, त्यामुळे त्यांचं छान जमलं. आईने सोऱ्यात गरम चीक भरला, साडीवर गोल गोल फिरवून एक कुरडई पाडली. उम्मताईंनी सोऱ्या हातातून काढून घेतला आणि दुसरी पाडली. पहिल्याच प्रयत्नात. गोल, एकसारखी, शेवट आत वळवलेला. आई खाली वाकून बघत राहिली. "हात चांगला आहे," ती म्हणाली. हे वाक्य माझी मामी लग्न झाल्यापासून ऐकायला थांबली आहे.

गुरुवार उजाडला. बाबांनी टाय लावला. हमूद पांढराशुभ्र पायघोळ दिश्दाशा घालून, डोक्याला मुसरचा फेटा बांधून आणि कमरेला चांदीचा खंजर लावून जिन्यात उभा राहिला. हा खंजर लग्नाला आणि राष्ट्रीय दिनालाच निघतो. प्रेमाकाकू 'सहज' आल्या होत्या, भरजरी साडी नेसून.

माझिनच्या मागून तज्ज्ञ बाई वर आल्या. कुठल्याशा थंड देशातल्या, रंगाने आमच्या कुरडईसारख्या. उन्हात पाय टाकताच त्या क्षणभर डगमगल्या, मग सावरून त्यांनी खाली बघितलं. पोपटी, जांभळ्या, डाळिंबी शेतात पांढरी वेटोळी. त्यांनी हात छातीशी नेला. मग कुणाला काही कळायच्या आत एक वाळकी कुरडई उचलली, आणि खाल्ली.

न तळता.

गच्चीवर जो आवाज झाला तो दगडावर दगड घासल्याचा होता. बाई चावत होत्या. सगळे आदराने वाट बघत होते. बाबांनी टायची गाठ सैल केली.

"गुंतागुंतीची चव आहे," बाई अखेर म्हणाल्या.

"अहो, तळायची असते ती!" आई ओरडली. मी भाषांतर केलं नाही. मला बाईंच्या दाताची काळजी वाटत होती.

मग हमूद पुढे झाला आणि त्याने घसा साफ केला. इंग्रजीत म्हणाला, "ही आमच्या घराण्याची फार जुनी परंपरा आहे. माझ्या आजीच्या आजीपासून. हे पितळी यंत्र झांजिबारहून गलबतातून आलं." सोऱ्यावर खाली 'पुणे' असं कोरलेलं होतं. बाबा ती अक्षरं झाकायला सोऱ्याच्या पुढ्यात जाऊन उभे राहिले.

माझिनने हे सगळं अरबीत उम्मताईंना सांगितलं, मुलाचं कौतुक आईलाही कळावं म्हणून. उम्मताईंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग त्या जे बोलल्या त्याने हमूदचा चेहरा त्याच्या दिश्दाशासारखा झाला. माझिन अडखळत म्हणाला, "त्या म्हणतायत, माझ्या सासूने आयुष्यात पाणीसुद्धा उकळलं नाही. हे मला या विद्याने शिकवलं. मंगळवारी."

बाईंनी वही मिटली. "म्हणजे," त्या सौम्यपणे म्हणाल्या, "हे स्थानिक नाही."

माझिनने माझ्याकडे बघितलं. त्याच्या डोळ्यांत मला कपड्यांचा रकाना स्पष्ट दिसला. बाबा बहुधा मनात पाणी मोजत होते. आणि आईने हात पदराला पुसले.

"यश, मी सांगते ते त्यांना सांग. आणि जसंच्या तसं सांग, तुझं काही घालू नकोस."

"हो."

"म्हणावं, गहू कुठून येतो मला माहीत नाही, दुकानातून येतो. यंत्र पुण्याचं. साड्या माझ्या. बरोबर? पण कुरडई म्हणजे काय असतं? चीक म्हणजे नुसती खळ. तिला कुरडई कोण करतं? ऊन करतं. पुण्याच्या उन्हात होते ती वेगळी, जरा पिवळट, जरा मऊ. अशी काचेसारखी फक्त इथे होते. ही मी पुण्याला पाठवते तर माझी जाऊ म्हणते, ही आपल्यातली नव्हे. तिकडे ही आपल्यातली नाही, इथे ही तुमच्यातली नाही. मग बिचारीने जायचं कुठे?"

मी जसंच्या तसं सांगितलं. जाऊ या शब्दासाठी इंग्रजीत मला तीन वाक्यं लागली.

आई मात्र थांबली नाही. तिने कोपऱ्यातल्या शेगडीवर आधीच तापवत ठेवलेल्या कढईत एक कुरडई सोडली. मूठभर वेटोळं क्षणात ताटाएवढं फुललं. बाई दचकून मागे सरकल्या, पुढे आल्या, एक तुकडा मोडून तोंडात घातला. या वेळी आवाज योग्य आला. त्यांनी वर, थेट सूर्याकडे बघितलं. आमच्यापैकी कुणी मे महिन्यात असं करत नाही.

"माझ्या देशात," त्या हळूच म्हणाल्या, "हा पदार्थ कधीच होऊ शकणार नाही."

"बघा," आई म्हणाली. "बाईंना कळलं."

वही उघडली. बाईंनी भराभर लिहिलं. मग माझिनशी बोलल्या, मग माझिन आमच्याकडे वळला. त्याच्या चेहऱ्यावर सरकारी आनंद होता.

"नोंद होईल. घटक म्हणून ऊन. साड्यांनाही परवानगी, त्या प्रदर्शनाचा भाग धरू. फक्त एक अट आहे. जिवंत परंपरा म्हणून लिहायचं तर ती पुढच्या पिढीला यायला हवी. आमचा माणूस दर गुरुवारी येऊन बघेल. पुढची पिढी नसेल, तर नोंद नाही. नोंद नाही, तर..." तो साड्यांकडे बघून थांबला.

"पुढची पिढी कोण?" बाईंनी विचारलं.

आईने माझ्याकडे बोट दाखवलं. उम्मताईंनी, कुणी न विचारता, हमूदकडे दाखवलं.

"मी इंजिनियर आहे," मी म्हणालो.

"मग तुला यंत्र कळेल," आई म्हणाली.

हमूद अरबीत बराच वेळ बोलला. त्याच्या बोलण्यात बँक, ऑफिस, मीटिंग हे शब्द मला ओळखू आले. उम्मताईंनी उत्तरादाखल एकच शब्द वापरला. तो मला माहीत होता. यल्ला. म्हणजे, चला कामाला.

आई पुण्याला गेली नाही. बाबांनी 'महोदय'चा कागद चार घड्या करून खिशात ठेवला, पुढेमागे लागेल म्हणून. जनार्दनकाका दुक्मला परत गेले, तारल्यांची पिशवी घेऊन. त्यांच्या खोलीतल्या बाकीच्यांनी खोली बदलून मागितल्याचं ऐकतो.

आणि मी व हमूद रोज सकाळी गच्चीवर उकिडवे बसतो. तो लुंगी आणि गंजीफ्रॉकमध्ये, मी हाफ पँटमध्ये. चीक गरम असतानाच पाडावा लागतो, हाताची साल निघते, गार झाला की सोऱ्यातून बाहेर येत नाही आणि आई बाहेर येते. पहिल्या दिवशी हमूदची कुरडई प्रश्नचिन्हासारखी झाली. माझी कशासारखीच झाली नाही. टाकीच्या सावलीत आमच्या दोघांच्या आया कहवा आणि खजूर घेऊन बसल्या होत्या. उम्मताई काहीतरी म्हणाल्या, आई काहीतरी म्हणाली.

"तुम्हारी माँ क्या बोली?" मी विचारलं.

"बोली, बहुत मोटा है. तुम्हारी?"

"वही."

घाम हमूदच्या नाकावरून साडीवर टपकला. त्याने हळूच आयांकडे बघितलं, मग माझ्याकडे सरकला.

"यश," तो अगदी खालच्या आवाजात म्हणाला, "ऑफिस को कोई फोन करे, कि इधर बाहर से कपड़ा दिखता है... तो?"

मी सोऱ्या थांबवला. विचार वाईट नव्हता.

"फोन कौन करेगा?"

"तुम."

"तुम्हारा घर है. तुम करो."

"बोलू नका," सावलीतून आई म्हणाली. "हात चालवा."

उम्मताईंनी तेच अरबीत सांगितलं. आम्ही दोघांनीही एकदमच मान खाली घातली.